व्हॉल्व्हचा रेडिओ घरी होतो, आणि बारा व्होल्टवर होतो

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. घरी व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा काचेच्या नळ्यांचा रेडिओ, बनवायच्या फंदात पडू नका, असं त्यात सांगितलंय. कारणं चार: व्हॉल्व्ह आता कुठंच बनत नाहीत, किमान पाच लागतात, ३०० व्होल्टशिवाय ते चालत नाहीत म्हणून जिवाला धोका, आणि एवढं करून ऐकायला काही उरलेलं नाही. तो वाचून आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं अर्धी गुंडाळलेली कॉईल ठेवून दिली, म्हणून हे लिहितोय.

पहिलं कारण सरळ चूक आहे. गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी व्हॉल्व्ह अजूनही लागतात. स्लोव्हाकियातली जेजे कंपनी ईसीसी८२ नावाचा व्हॉल्व्ह आजही बनवते. शोधायला वेळ लागतो तो गँग कंडेन्सरला, म्हणजे फिरवून स्टेशन लावायच्या भागाला. नागपूरच्या इतवारीत भंगारात जुना सेट दिसला, तर आधी त्याची गँग बघा.

पाच व्हॉल्व्ह लागायचे ते बाजारातल्या सुपरहेट पद्धतीच्या सेटला. एडविन आर्मस्ट्राँगला १९१४ साली ज्या रिजनरेटिव्ह सर्किटचं पेटंट मिळालं, त्याला एकच ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असे तीन भाग असलेला साधा व्हॉल्व्ह, पुरतो. सिग्नल ग्रिडवर येतो आणि प्लेटवर मोठा होऊन निघतो. प्लेटवर मोठा झालेला सिग्नल थोडा पुन्हा ग्रिडकडे द्यायचा, की तो आणखी मोठा होतो. ईसीसी८२ मध्ये तर एकाच काचेत दोन ट्रायोड असतात: एक डिटेक्टरला, म्हणजे रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढायला, दुसरा तो आवाज वाढवायला.

आता ३०० व्होल्टचं. ही भीती खोटी नाही. मेनवरच्या जुन्या सेटमध्ये २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो टिकून राहतो. काही एसी-डीसी सेटची तर चासीच, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. शिकाऊ मुलानं असा सेट उघडू नये, हे मीही सांगेन. पण त्यावरून घरी बनवलेला प्रत्येक सेट घातक ठरत नाही. ईसीसी८२ चा हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार, १२.६ व्होल्टचा, १५० मिलीअँपिअरचा. हेडफोनपुरत्या रिजनरेटिव्ह सेटमध्ये तो प्लेटवर १२ व्होल्ट मिळाले तरी काम करतो. म्हणजे यूपीएसमधली १२ व्होल्टची एकच बॅटरी हीटरलाही आणि प्लेटलाही. ७ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी असेल तर तीसेक तास सहज निघतात. मेनशी संबंधच नाही. फक्त बॅटरीच्या वायरला फ्यूज लावा, शॉर्ट झाली तर ती तापते.

कॉईलचं मापही देतो. बाहेरून ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, २६ गेजची इनॅमल तार, एकाला एक लागून ६५ वेढे. साधारण २०० मायक्रोहेन्री होतात. फीडबॅकसाठी, म्हणजे सिग्नल परत ग्रिडकडे द्यायला, शेजारी पंधराएक वेढे. फीडबॅक जास्त झाला की सेट शिट्टी देतो. सेट शिट्टीच देत नसेल तर त्यांची दोन टोकं उलटी जोडून बघा.

राहिलं ऐकायचं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ सालचं, मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झ. वरच्या कॉईलवर गँग ३७० पिकोफॅरडच्या आसपास आली, की तिथंच पोचता. दहा मीटर तार गच्चीवर ताणा. मे-जूनच्या वादळात मात्र ती आधीच काढून ठेवा. एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद केले की खरखर कमी होते. रात्री वातावरणातल्या उंच थरावरून, आयनोस्फिअरवरून, परतून दूरची केंद्रंही येतात. रिजनरेशनचा, म्हणजे फीडबॅक कमी-जास्त करायचा, नॉब हळू फिरवा, शिट्टी आली की किंचित मागे घ्या. ती चालू ठेवली तर एरियलमधून शेजारच्या रेडिओतही जाते. शिट्टी सुरू होते त्याच्या अगदी अलीकडे आवाज सगळ्यात मोठा आणि स्वच्छ लागतो.