ठिपक्याला ठिपका जुळला म्हणून टायमिंग जुळलं?

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन बांधायला घेतलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशी जुळवायची, म्हणजे टायमिंगची, वेळ आली की हा सल्ला हमखास कानावर येतो: 'कॅम कोणता ते त्यावरचा नंबर सांगतो. टायमिंगला स्प्रॉकेटवरचे ठिपके जुळवा. इंजिन हाताने फिरवून बघा, अडलं नाही की झालं. डिग्री व्हील हे रेसवाल्यांचं खूळ.' (डिग्री व्हील म्हणजे क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती.)

आधी नंबर. कॅमवर उठून दिसणारा नंबर बरेचदा नुसत्या ओतकामाचा असतो, आणि एकाच ओतकामातून वेगवेगळ्या घाटाचे लोब (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) घासता येतात. मधल्या काळात कुणी कॅम रीग्राइंड केला, म्हणजे पुन्हा घासून घेतला असेल तर नंबर जुना आणि लोब नवा. जॅग्वारचं १९४८ साली आलेलं एक्सके इंजिन घ्या. त्याच्या सुरुवातीच्या कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते माप) ५/१६ इंच, पुढच्यांची ३/८; म्हणजे ७.९४ आणि ९.५३ मिलिमीटर. हा फरक मायक्रोमीटरवर लगेच दिसतो: लोबच्या पूर्ण उंचीतून बेस सर्कलचा, म्हणजे लोबच्या गोल भागाचा, व्यास वजा करा. (लांब ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवणाऱ्या, कॅमवर मायक्रोमीटर लोबच्या उतारावर टेकतो आणि लिफ्ट कमी भरते. तिथे डायल गेजच हवा.)

ठिपके खोटं बोलत नाहीत, पण ते बोलतात इंजिन नवं असतानाच्या मापांबद्दल. चेन ताणली की कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात (जिथे कॅम हेडवर असतो) हेड प्लेन केलं, म्हणजे घासून सपाट केलं, की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग आणखी मागे जातं. कॅम ब्लॉकमध्ये असलेल्या पुशरॉड इंजिनाला हेड प्लेन केल्याने हा फरक पडत नाही, एवढी सूट. एक्सकेमध्ये तर कॅमच्या खाचेत बसणारं गेज आणि बारीक दात्यांची अॅडजस्टर प्लेट दिली आहे, ती काय शोभेला? आणि तिथे टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आणायचा तो पुढचा सिलिंडर, ज्याचा नंबर सहा! जॅग्वार एक्सकेचे सिलिंडर मागून मोजतं. इथे भलेभले फसतात.

'हाताने फिरलं' याचा अर्थ एवढाच, की कुठे धडक झाली नाही. दहा अंश चुकलेला कॅमही निमूट फिरू शकतो. शिवाय एक्सकेचं हेड जोडलेलं आणि चेन सुटी असताना कॅम फिरवलात तर इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांवरच आदळतात.

राहिलं ते खूळ, डिग्री व्हील. टीडीसी नजरेने ठरवू नका, तिथे पिस्टन काही अंश जवळजवळ थांबलेलाच असतो. पिस्टनला वर जाण्याआधी अडवणारा स्टॉप लावा, क्रँक दोन्ही बाजूंनी फिरवून पिस्टन त्यावर टेकवा, मधला आकडा टीडीसी. लोबच्या माथ्याचंही तेच: डायल गेज माथ्याच्या १ मिलिमीटर खाली चढताना टीडीसीनंतर ९८ अंशांवर आला आणि उतरताना १२४ वर, तर मध्य १११. आता स्पेसिफिकेशनकडे बघा. इनलेट टीडीसीआधी १५ अंशांवर उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो ती जागा) ५७ वर मिटतो असं असेल, तर ड्युरेशन १५ + १८० + ५७ = २५२. निम्मे १२६, त्यातून १५ गेले, मध्य १११. जुळलं. सममित लोबचा हा मध्य टॅपेटच्या फटीने (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या मोकळ्या जागेने) हलत नाही, उघडण्या-मिटण्याचे आकडे मात्र हलतात. म्हणून मी मध्यावरच विसंबतो.

कॅमची ही मापं घेताना क्रँक मात्र कायम चालण्याच्याच दिशेने फिरवा, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात शिरेल. सगळं आवळून, क्रँकचे दोन पूर्ण फेरे मारून पुन्हा मोजा. चेन ताणून धरणारा टेन्शनर बसला की पहिला आकडा हलू शकतो.