आधी रिपोर्ट, मग हात?

भारतातल्या डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. रात्री अडलेली बाई येते, नोंदणी नाही, कार्ड नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट येईपर्यंत तिला हात लावायचा की नाही? निम्मे म्हणतात, लावायचा नाही. मी मधे बोललो की उत्तर तयार असतं: ‘इंग्लंडात बसून बोलायला काय जातं?’

काही जात नाही, कबूल. पण चाचणी कोणासाठी करताय ते तरी ठरवा. इथेही बुकिंग न केलेली बाई थेट कळा घेऊन येते. तिचं रक्त तातडीने जातं, आणि एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह दिसला, म्हणजे पहिल्या चाचणीत लागणीची खूण सापडली, तर पक्क्या रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू होतं, कारण बाळाला लागण होऊ नये. ग्लोव्ह्ज, एप्रन, व्हायझर रिपोर्टवर ठरत नाहीत. वार (प्लॅसेंटा) हाताने काढायची तर कोपरापर्यंतचे ग्लोव्ह्ज, मग बाई कोणीही असो.

‘निगेटिव्ह’ पट्टी बघून निर्धास्त होणारा डॉक्टर मला जास्त धोक्यात वाटतो. नव्या संसर्गात सुरुवातीचे काही आठवडे चाचणीला काहीच सापडत नाही. शिवाय भीती एचआयव्हीची, आणि टोचतो हिपॅटायटिस बी: दूषित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा 6 ते 30 टक्के. त्यावर लसीचे 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीन डोस आहेत. ग्रुपवर गर्जना करणाऱ्यांच्या लेबर रूममधल्या मावशींचे ते झालेत का?

तरीही चाचणी हवीच, फक्त ती बाईची तपासणी चालू असताना व्हावी. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं कार्ड गावाकडच्या पेटीत राहतं, आणि तालुक्याच्या रुग्णालयात किट असतं दिवसा उघडणाऱ्या केंद्रात, कुलपात. ते लेबर रूममध्ये, रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाताशी हवं. बोटातून रक्ताचा थेंब, वर बफर (किटसोबतचं द्रावण), आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचन, बहुतेक किटांत 15 ते 20 मिनिटं. गोंधळ इथेच होतो. फ्रिजमधलं किट गार असतानाच वापरतात. प्रसूतीच्या धांदलीत पट्टी तासाभराने बघतात, आणि तोवर उमटलेली फिकट रेघ पॉझिटिव्ह म्हणून लिहून टाकतात. कंट्रोलची रेघ, म्हणजे किट चालल्याची खूण, नसेल तर चाचणी बाद. एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे निदान नव्हे, पक्क्या निदानाला वेगवेगळ्या तीन चाचण्या लागतात. औषध मात्र तेवढं थांबत नाही.

बाळाचं घड्याळ वेगळं. आई एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर अडीच किलोवरच्या बाळाला नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाचं सिरप 15 मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिली, रोज एकदा, निदान 6 आठवडे. आईची लागण उशिरा कळली तर जास्त आठवडे. हिपॅटायटिस बीची लस 24 तासांच्या आत, मांडीत, प्रत्येक बाळाला. आई पॉझिटिव्ह असेल तर 12 तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. तेच महाग आणि तेच मिळत नाही. लस तर फुकट आहे, पण रविवारी लसीकरणाची खोली बंद, आणि एका बाळासाठी दहा डोसांची कुपी कोण फोडणार! फोडा, नियम पाळले तर ती 28 दिवस चालते.

2017 चा एचआयव्ही कायदा उपचार नाकारू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच कायद्याने कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधनं आणि सुई टोचल्यास औषध देणं संस्थेला बंधनकारक केलंय, ते मात्र कोणी मागत नाही. फाईलवर एचआयव्हीचा लाल स्टिकर लावणं सोपं पडतं. ते बाईच्या सासूला आधी दिसतं.

आता माझी बाजू लंगडी कुठे, तेही लिहितो. इथे ग्लोव्ह्जचं खोकं संपलं की दुसरं भिंतीवर असतंच, त्यामुळे मला शूर व्हावं लागत नाही. तिकडे एकच जोडी धुऊन वापरणाऱ्याला मी शहाणपण शिकवतो, तेव्हा त्याचा संताप रास्त असतो. ग्रुप सोडावा असं अनेकदा वाटतं, सोडवत नाही. इथल्या कुठल्याच वादात मी इतका तावातावाने पडत नाही.

तेव्हा भांडायचंच असेल तर अधीक्षकांशी भांडा: कोपरापर्यंतचे ग्लोव्ह्ज, तीन चतुर्थांश भरताच बदलला जाणारा सुयांचा डबा, रात्री किटची किल्ली. पत्राचा मसुदा मी लिहून देतो.