बिद्दा रे बिद्दा!

पावसाची सुट्टी म्हणून भाचा चार दिवस गावी आलाय. परवा मोबाईलवर कायतरी बघून खिदळत होता म्हणून डोकावलो, तर ‘ताकेशीज कॅसल’! अडथळे पार करत किल्ला जिंकायचा तो जपानी खेळाचा कार्यक्रम. २०२३ मध्ये प्राईमवर नव्यानं आलेलं, यूट्यूबवाल्या भुवन बामच्या आवाजातलं. मी लगेच शेजारी मांडी ठोकली. पाच मिनिटांत पठ्ठ्यानं तीनदा विचारलं, "मामा, जिंकलं कोण?"

मला उत्तरच सुचेना. एवढं बघितलं लहानपणी, पण जिंकलेला एक चेहरा आठवत नाही. पडलेले मात्र ढीगभर आठवतात.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवर. हा कार्यक्रम पोगोवर लागायचा. ते पोरांचं चॅनल २००४ मध्ये सुरू झालं, आमच्या गल्लीत पोचायला आणखी दोनेक वर्षं गेली. डिश एकाच घरावर. त्यांच्या पुढच्या सोप्यात आम्ही पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसायचो, पावसाळ्यात ओल्या कपड्यांचा वास मारायचा, आणि ऐन रंगात आलं की लाईट जायची. समोर माणसं जपानी, बोलणं जावेद जाफरीचं हिंदी, आरडाओरडा मराठी. त्यात कोपऱ्यावरच्या कन्नड घरातली दोघं भावंडं. टीव्हीतला माणूस पाण्यात गेला की ती ओरडायची, "बिद्दा!" महिनाभरात अख्खी गल्ली बिद्दा म्हणायला लागली. खरं सांगतो, आपलं ‘पडला’ त्यापुढं फिकं आहे. बिद्दामध्ये आपटल्याचा आवाजसुद्धा येतो. (दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर, ह्यावरून शहरात काय काय व्हायचं ते इथं नको. त्या सोप्यात भांडण व्हायचं ते फक्त रिमोटवरून.)

तळ्यातले ते दगड आठवतात? एक घट्ट रोवलेला, शेजारचा नुसता तरंगता, आणि दिसायला दोन्ही सारखेच. टायवाला बाप्या ऐटीत पळत यायचा, तिसऱ्या दगडावर पाय, की गडप. मग ती दारांची भिंत. कुठलं दार कागदाचं आणि कुठलं पक्कं, हे अंगानं धडक दिल्याशिवाय कळायचं नाही. हलत्या पुलावर सोनेरी चेंडू सांभाळत चालायचं, त्यात तोफेतून चेंडूंचा मारा. खेळाडूंचा म्होरक्या जनरल तानी हात उंचावून ओरडला की शंभरावर माणसं गुरं सुटल्यासारखी धावायची आणि शेवटच्या लढाईला मूठभर उरायची. बहुतेक भागांत किल्ला पडायचाच नाही. दहा लाख येनचं बक्षीस तसंच राहायचं आणि पुढच्या भागात नवीन शंभरजण यायचे.

हे सगळं जपानात १९८६ ते १९९० मध्ये होऊन गेलेलं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे आम्ही ज्यांना हसत होतो ती माणसं तेव्हा आमच्या आईबापाच्या वयाची झाली होती! आणि किल्ल्याचा तो राजा, ताकेशी कितानो, १९९७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातनं सुवर्णसिंह घेऊन आलेला दिग्दर्शक. आम्हाला तो नुसता किल्ल्यात बसून राहणारा आळशी राजा वाटायचा.

आज्जी एकदा दारात उभी राहून बघत होती. चिखलात लोळणारी माणसं बघून म्हणाली, "एवढा चिकल केल्यानी, मग तरवा कुठं हाय?" तिचा प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं आषाढात गुडघाभर चिखलात वाकून तरवा, म्हणजे भाताचं रोप लावतात, दिवसभर, डोक्यावर इरलं घेऊन. चिखल हे काम. त्यात मुद्दाम पडायला माणसं रांग लावतात, हे तिच्या हिशोबात बसेना.

आम्ही मात्र बसवलं. चिखलणी केलेल्या वावरात बुट्ट्या पालथ्या घातल्या, काहींच्या खाली दगड, काहींच्या खाली नुसता पेंढा. मी जनरल तानी. पहिल्या फेरीत सगळे बुडले, दुसऱ्या फेरीत कुणीतरी शेजारच्या वावरात उडी मारली आणि तिथला तरवा तुडवला गेला. मालकानं वेताची काठी घेऊन आम्हाला बांधापर्यंत पळवलं. घरी आल्यावर परत मार. तरवा गेला म्हणजे त्या माणसाचं वर्ष गेलं, हे तेव्हा कुठं कळत होतं.

जाफरीचे सगळे विनोद आज पचत नाहीत, हेही सांगतो. त्यांच्या डोळ्यांवरनं, बोलण्यावरनं केलेली काही थट्टा आता कानाला टोचते. तेव्हा आम्ही त्यालाच जास्त हसायचो. पण पडलेल्या माणसाला रडवायची चाल त्या कार्यक्रमात नव्हती, हे मानावं लागेल. चिखलातनं उठायचं, तोंड पुसायचं, हसत बाजूला व्हायचं. पुढचा तयारच. आता पोरांचे गाण्याचे-नाचाचे कार्यक्रम लावले की मला धडकीच भरते. आठ वर्षांचं पोर बाद होतं, आणि कॅमेरा आधी आईच्या डोळ्यांवर जातो. मागं ते सतार का सारंगी वाजतं. मग परीक्षकसुद्धा रडतात. पोराला हरायची चोरी झालीय की हो!

काल भाच्याला घेऊन शेताकडं गेलो. लावणी चालू होती. त्याला बांधावरनं कसं चालायचं ते दाखवत पुढं निघालो, "बोटं रोवून टाक पाय," एवढं म्हणेपर्यंत माझाच पाय सटकला आणि मी कमरेएवढा आत. लावणीवाल्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. त्यातली एक म्हातारी, पलीकडच्या कन्नड वस्तीतली, हातातलं रोप तसंच धरून ओरडली, "बिद्दा!"

भाचा बांधावर पोट धरून हसत होता. कोण जिंकलं ते काही त्यानं विचारलं नाही.

माझी एक चप्पल अजून तिथंच आहे.