उजवा कंट्रोल

नव्या प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी टीम लीड म्हणाला, "तुझ्या विंडोजवरच एक व्हर्च्युअल मशीन टाक, त्यात लिनक्स. अर्ध्या तासाचं काम आहे." आयटीतला अर्धा तास आणि पंगतीतलं "आलोच वाढायला" यांची जातकुळी एकच.

या शास्त्रात खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या खोट्या संगणकाला पाहुणा. आपल्याकडे आल्या आल्या ४ जीबी रॅम मागणाऱ्याला पाहुणा नव्हे, जावई म्हणतात. माझ्या लॅपटॉपची सगळी इस्टेट ८ जीबी. त्यातली निम्मी दिली, वर दोन कोअर आणि २५ जीबी डिस्क. तरी जावई उंबरठ्यावर अडून बसला, कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे असले पाहुणे ठेवायची सोय, बंद. इंटेलने ही सोय प्रोसेसरमध्ये २००५ सालीच आणली, पण माझ्या लॅपटॉपात ती कुलपात होती. बायोसमध्ये शिरायला रीस्टार्ट करून, स्क्रीन उजळायच्या आत, एफ२ की एफ१० की डिलीट हे ओळखून बडवत सुटायचं.

"अरे, मारतोस कशाला त्याला?" आई आतून.

चौथ्या खेपेला जमलं. लिनक्सचा इन्स्टॉलर दिसला म्हणून पाहुण्याच्या खिडकीत क्लिक केलं आणि माऊसचा बाण आत गेला तो गेलाच. कडेपर्यंत यायचा, आपटायचा, मागे फिरायचा; विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरू पाहणाऱ्या नवख्यासारखा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत सुटकेचा मार्ग लिहिला होता: राइट कंट्रोल.

माझ्या लॅपटॉपला राइट कंट्रोल नाही.

स्पेसबारच्या उजवीकडे ऑल्ट, मग कधीच न दाबलेलं एक बटण, मग थेट बाण. दोनदा पॉवर बटण दाबून सुटलो. बाबांनी माळ्यावरून जुना कीबोर्ड काढला. त्याला राइट कंट्रोल ठसठशीत, पण पिन गोल आणि जांभळी. ती लॅपटॉपला कुठे खुपसणार? शेवटी शेजारच्या नववीतल्या मुलाचा यूएसबी कीबोर्ड मागून आणला.

इन्स्टॉल झालं. पहिली कमांड सुडो लावून, म्हणजे मालकाच्या अधिकारात, दिली, पासवर्ड टाइप करू लागलो तर पडद्यावर एक ठिपका उमटेल तर शपथ. कीबोर्डही गेला वाटून तो उलटा करून झटकला, अर्धा चिवडा निघाला. मग कळलं, लिनक्समध्ये पासवर्ड असाच अंधारात टाइप करायचा असतो. केला. उत्तर आलं, तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, या प्रकाराची तक्रार केली जाईल. घर माझं, रॅम माझी, आणि माझीच तक्रार! बरं, करणार कोणाकडे? ॲडमिनिस्ट्रेटरकडे. तो मीच. अजून तरी ती माझ्यापर्यंत पोचलेली नाही. रूटने, म्हणजे लिनक्समधल्या सर्वाधिकारी खात्याने, शिरून स्वतःचं नाव स्वतःच यादीत घातलं. सोसायटीच्या निवडणुकीत घालतात तसं.

संध्याकाळी मुलगा दारात. "काका, कीबोर्ड. सातला मॅच आहे माझी."

"थांब रे, बाण आत अडकलाय."

त्याने वाकून पाहिलं. राइट कंट्रोल दाबला, बाण बाहेर आला. कुठल्याशा सेटिंगमध्ये गेला, सुटकेची की एफ१२ करून टाकली, वायर गुंडाळली. "ही बदलता येते की, काका."

तेवढ्यात लीडचा मेसेज आला, "झालं का?"

मी लिहिलं, "होतच आलंय. अर्धा तास."