मावशी, तो दोरा ठेव खाली

परवा नागपूरच्या महाल भागात मावशीकडे गेले तर ती रेशमी दोऱ्याचं एक टोक दातात धरून, दुसरं स्वतःच्या डाव्या दंडावर आवळायच्या बेतात. दंडावरची चरबीची गाठ काढून जेमतेम तीन आठवडे झालेत. टाके निघाले, पण व्रणाच्या टोकाला कातडीचा छोटा उंचवटा राहिलाय. "अवं, सगळ्यांनाच येऊन राहिला हा मेसेज," म्हणे.

मेसेज असा: टाक्यांच्या टोकाला कोंब आला म्हणजे डॉक्टरने टाके चुकवले. दोऱ्याने आवळून बांधा, वर चुना-हळद लावा, सात दिवसांत गळून पडेल. नाहीतर रोज जोरात चोळा. तरी राहिला तर पुन्हा ऑपरेशन अटळ.

चौदा वर्षं ड्रेसिंग करते आहे, म्हणून दोऱ्याचं आधी. बांधायला खाली देठ तरी हवा ना? हा कोंब नाहीच. कातडी जोडताना टोकाला उरलेली ती चुणी आहे, बूड रुंद. दोरा बुडाशी कातडीत रुतणार, रक्त अडलेली कातडी काळी पडणार आणि पू झाला तर ताज्या व्रणाला लागूनच. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या साधारण 20 टक्केच ताकद असते, तीन महिन्यांनी कुठे 80 च्या आसपास. त्यावर चुना? पानात जरा जास्त झाला तर तोंड पोळतं!

डॉक्टर चुकले का? मावशी ब्लाउज शिवते, तिला म्हटलं, टक्स आखूड घेऊन एकदम संपवला तर टोकाला काय होतं? "फुगा येतो." तेच हे. म्हणून छेद डोळ्याच्या आकाराचा, रुंदीच्या तिप्पट लांब घेतात. कधी हात चुकतो, तेवढं मान्य. पण पुष्कळदा व्रण लहान राहावा म्हणून लांबी मुद्दाम कमी ठेवतात. डॉक्टर याला 'डॉग इअर' म्हणतात. हे मावशीला सांगितलं नाही, नाहीतर रेबीजची सुई मागितली असती.

चोळण्याचं अर्धं खरं. व्रण पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, हलक्या बोटांनी चालतं. आत्ता नाही.

आणि ऑपरेशन अटळ वगैरे काही नाही. 2008 साली 'डर्मॅटॉलॉजिक सर्जरी' या नियतकालिकात अशा चुण्यांचा अभ्यास आला होता: 8 मिलिमीटरपर्यंत उंचीच्या चुण्या आपोआप बसण्याकडे कल जास्त. काही महिन्यांनीही राहिली आणि खुपत असेल, तर जागा बधिर करून तेवढी कातडी त्रिकोणात काढतात. व्रण थोडा लांबतो, इतकंच.

मात्र उंचवटा लाल, गरम, ठणकणारा असेल, पू येत असेल किंवा वाढतच चालला असेल, तर ती चुणी समजून घरी बसू नका. ज्यांनी टाके घातले त्यांना त्याच दिवशी दाखवा.

मावशीचा मी पट्टीने मोजला, 4 मिलिमीटर. पुढचं माप पोळ्याला.