पद्मिनीचा भाव

सोलापुरात विजापूर रस्त्यावरील आमच्या घराच्या पोर्चमध्ये 2009 सालापासून एक प्रीमियर पद्मिनी मोटार उभी आहे. तिच्यावर दोन जुन्या सोलापुरी चादरी पांघरलेल्या असल्यामुळे नवख्या माणसाला तिथे कोणी आजारी नातेवाईक झोपले असावेत असा संशय येतो, आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तिच्याशी वागण्याची रीत पाहता तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. आमच्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने पोर्चमध्ये हजार लिटरची टाकी बसवावी आणि त्यासाठी गाडी विकावी, असा ठराव यंदा संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास माझ्या पत्नीने मांडला. अण्णांनी विरोध केला नाही. "योग्य किंमत आली तर देऊन टाकू," एवढेच ते म्हणाले. ‘योग्य’ या शब्दात केवढी विहीर आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

गाडी 1984 ची; अण्णांनी ती 1991 मध्ये 45 हजारांना जुनीच घेतली होती. त्यामुळे त्यांच्या हिशेबात 45 हजार मुद्दल, त्यावर पस्तीस वर्षांचे व्याज आणि नंतर बसवलेला कॅसेट प्लेयर वेगळा, अशी मांडणी होती. आईने या हिशेबात भर घातली ती अशी की तेवढ्या पैशांत त्या वेळी बारा तोळे सोने आले असते. बारा तोळ्यांचा आजचा भाव धरला, तर आमच्या गल्लीतील सर्वांत महाग गाडी चादर पांघरून पडलेली आहे. यात्रेला आलेल्या पुण्याच्या भाच्याने तर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाल्याची आठवण देऊन, ‘आता या गाड्यांना भाव येणार’ असे जाहीर केले आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन तो निघून गेला. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर मी माहिती भरू लागलो, तर त्यांच्या यादीत प्रीमियर हे नावच नव्हते.

अखेर सात रस्त्याजवळचे एक मेस्त्री तपासणीला आले. त्यांनी बोनेट उघडले आणि वैद्य नाडी धरून जसा गप्प होतो तसे ते बराच वेळ गप्प राहिले. टाकीतील पेट्रोल उडून जाऊन तळाशी राळेसारखा चिकटा उरला होता, ब्रेकचे सिलिंडर गंजून धरले होते, चारही टायर एकाच जागी दबून चपटे झाले होते, आणि मागच्या सीटमधील काथ्या उपसून उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात प्रशस्त घरटे बांधले होते. इंजिन जाम होते. त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरांत ऑइल सोडले आणि रात्रभर मुरू दिले. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीला पाना लावून जोर दिला, तेव्हा ते कुरकुरत बोटभर फिरले. "फिरलं!" असे अण्णा ज्या आवाजात ओरडले, तो आवाज त्यांनी नातू पहिल्यांदा पालथा पडला तेव्हाही काढला नव्हता.

मेस्त्रींनी मला बाजूला घेऊन दुरुस्तीचा खर्च 85 हजार सांगितला. चालू झालेल्या गाडीला काय येईल, असे मी विचारले. "गिऱ्हाईक भेटलं तर ऐंशी येतील की साहेब!" म्हणजे आहे त्या स्थितीत गाडीची किंमत उणे 5 हजार रुपये होती. हे अण्णांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी ‘हिशेब चालू आहे’ असे सांगितले.

आरटीओच्या एजंटने कागद पाहून ही किंमत आणखी खाली उतरवली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आमचे 2009 मध्येच संपले होते. वीस वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क आता 10 हजार, उशिराबद्दल महिन्याला 500 रुपये दंड, शिवाय पर्यावरण कर. मग माझा चेहरा पाहून त्याने दिलासा दिला की पन्नास वर्षे पूर्ण झालेली मूळ स्वरूपातील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती रोज चालवता येत नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर काढता येते. आमची गाडी ऐन उमेदीतही शेवटच्या दोनच कामांसाठी बाहेर पडत असे.

भंगारवाल्याने मात्र सर्वांत स्वच्छ हिशेब केला. गाडी साधारण नऊशे किलोची. त्यातून काच, रबर, काथ्या आणि उंदरांचा संसार वजा करून त्याने साडेसातशे किलो लोखंड धरले आणि 18 हजार रुपये खिशातून काढूनही दाखवले. जाता जाता त्याने विचारले, "या चादरी पण द्यायच्या का? जुनं सूत आहे, चांगले पैसे देतो."

अण्णा उठले, त्यांनी चादरी पुन्हा गाडीवर पसरल्या आणि कडा नीट खोचल्या. "2034 ला पन्नास पूर्ण होतात," ते म्हणाले. "सतरा वर्षं थांबलो, आणखी आठ काय जड आहेत?"

पाण्याची टाकी आठवड्याभराने आली. जिन्याखाली माझी स्कूटर उभी राहत असे, तिथे ती बसवली आहे. स्कूटर आता रस्त्यावर असते. तिची किंमत काढायला अजून कोणी आलेले नाही.