मीठ-व्हिनेगरने टाय-डायचा रंग पक्का होत नाही

एप्रिल संपत आला, शाळांना सुट्ट्या लागल्या आणि पोट्टे घरात उच्छाद मांडू लागले, की नागपूरच्या फॅमिली ग्रुपांवर टाय-डायचा एक मेसेज फिरायला लागतो. कोणाच्या तरी मावशीकडून येतो, तिला तो तिच्या वहिनीने पाठवलेला असतो. त्याचा मथितार्थ असा: बाजारातले केमिकल रंग विषारी, ते घरात आणू नका. कोणताही पांढरा टी-शर्ट घ्या, रबरबँडने घट्ट बांधा. बीट, हळद, खाण्याचा रंग नाहीतर होळीचा उरलेला रंग पाण्यात कालवून त्यावर ओता. आपल्या नागपूरच्या कडक उन्हात वाळवा, म्हणजे रंग कापडात ‘भाजून’ बसेल. मग मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवा. रंग जन्मभर हलणार नाही. हललाच, तर तो भेसळीचा होता असं समजा. आणि शेवटी एक ओळ: अमेरिकेतल्या हिप्पींची कला आता आपल्या घरी!

घरच्यांनी मिळून शर्ट रंगवायला बसावं ही कल्पना झकास आहे, म्हणून तर हा मेसेज नुसता डिलीट करून भागत नाही. कारण त्यातल्या कृतीने सकाळभर खपून केलेला शर्ट दुसऱ्या धुण्याला फिक्कट पोतेरं होऊन दोरीवर लटकतो, आणि पुढच्या सुट्टीत पोट्टेच म्हणतात, ‘नको जी, तो रंग राहतच नाही.’

आधी मीठ आणि व्हिनेगर घेऊ, कारण बाकी सगळं खोडून काढलं तरी लोक हे दोन सोडत नाहीत.

मिठाला काम आहे, पण ते वेगळं. पातेलंभर रंगाच्या पाण्यात कापड बुडवून रंगवायचं असेल, तेव्हा मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. विटलेली साडी उकळत्या पाण्यात पुडीचा रंग घालून पुन्हा रंगवायची पद्धत घरोघरी होती; त्यात मूठभर मीठ पडायचं ते यासाठी. मिठाने रंग जास्त चढतो. चढलेला धरून ठेवणं मिठाला जमत नाही. शर्ट रंगवून झाल्यावर मिठाच्या पाण्यात बुडवणं म्हणजे भाजी ताटात वाढून झाल्यावर रिकाम्या कढईत फोडणी देणं.

व्हिनेगरचं प्रकरण याहून वाईट आहे. व्हिनेगर म्हणजे आम्ल, आणि आम्ल लागतं लोकर-रेशमाला. भंडाऱ्याकडच्या कोशाची ओढणी असेल, तर खाण्याचा रंग, व्हिनेगर आणि वाफ एवढ्यावर ती खरंच सुरेख रंगते, कारण रेशीम हे प्रथिन. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याला नेमकं उलटं पाहिजे: अल्कली, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा, सोड्यासारखा पदार्थ. मेसेज लिहिणाऱ्याने रेशमाची कृती उचलून सुती शर्टाला लावली आहे, बाकी काही नाही.

सुती कापडावर थंड पाण्यात रंग कायमचा बसवायची युक्ती इंग्लंडात आयसीआय कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या दोघा रसायनशास्त्रज्ञांना 1954 मध्ये सापडली. 1956 मध्ये हे रंग प्रोसिऑन नावाने बाजारात आले. त्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. उकळायच्या पुडीतला रंग धाग्याला नुसता बिलगून असतो, पाणी ओढेल तसा सुटत जातो. रिॲक्टिव्ह रंगाचा कण सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो आणि धाग्याचाच होऊन राहतो. अट एकच, पीएच (आम्ल की अल्कली ते मोजायचा आकडा; सातच्या वर अल्कली) साडेदहा-अकराच्या घरात पाहिजे. तो मिळतो धुण्याच्या सोड्याने, म्हणजे सोडियम कार्बोनेटने. आता त्यावर व्हिनेगर ओतलं, की सोडा तिथेच मरतो आणि बंध जुळायचे थांबतात. रंग पक्का करायला म्हणून जे घातलं, तेच रंगाला कापडावर बसू देत नाही.

सोड्यातही एक घोळ होतो. किराणा दुकानात नुसता ‘सोडा द्या’ म्हटलं की भजीत घालायचा खाण्याचा सोडा हातात पडतो. तो सोडियम बायकार्बोनेट. त्याचा पीएच आठ-सव्वाआठच्या पुढे जात नाही. थंड पाण्यातल्या कामाला तो पुरत नाही. घरात तेवढाच असेल तर ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर पसरून ठेवा; त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडाच. पावडर असेल तर लिटरभर पाण्याला 50 ते 60 ग्रॅम पुरे. खडे असतील तर जवळपास पावणेतीनपट घ्या, कारण खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. या पाण्यात धुतलेला शर्ट 15-20 मिनिटं बुडवायचा, घट्ट पिळायचा, मग घड्या घालून रबरबँड चढवायचे. रंग मात्र साध्या पाण्यात कालवून बाटल्यांत भरायचा, 200 मिलीला साधारण 5 ग्रॅम. सोडा आणि रंग एकाच बाटलीत घालायचे नाहीत. तसं केलं तर रंग कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि तास-दोन तासांत बाटलीतच निकामी होतो. दिसायला तेवढाच गडद दिसतो, हीच त्यातली गंमत.

आता बीट, हळद आणि खाण्याचा रंग. खाण्याचे रंग, म्हणजे टार्ट्राझिन, सनसेट यलो, ब्रिलियंट ब्लू वगैरे, हे सगळे आम्लरंगांच्या जातीचे. कोशावर चढतील, सुती कापडावरून नळाखालीच वाहून जातील. बिटाचा रंग तर उजेड आणि उष्णता दोन्हींना भितो. हाताला लागला की घाबरायला होतं इतका लाल दिसतो, पण सुती कापडावर धुतल्यावर मळकट करडी छटा सोडली तर काही मागे राहत नाही. पळसाचंही तेच. फाल्गुनात विदर्भाचं रान पेटल्यासारखं दिसतं, फुलं भिजवून केलेला केशरी रंग होळीला खेळायला फार छान, पण तुरटीवगैरे लावल्याशिवाय शर्टावर टिकवायचा म्हटलं तर तो त्यातला नाही.

हळदीचं मात्र थोडं वेगळं आहे. हळद कापसावर खरंच चढते, कुठल्याही मदतीशिवाय. हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या कुर्त्यावर बोटं उमटली, की ते कळतंच. पण त्याच डागावर साबणाची वडी घासून पाहा: पिवळा डाग डोळ्यांदेखत विटकरी लाल होतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. धुऊन साबण निघाला की परत पिवळं, आणि तो कुर्ता दोन-तीन दिवस उन्हात वाळत टाकला की डाग आपोआप पुसट. म्हणजे हळदीचा शर्ट प्रत्येक धुण्याला लाल होणार आणि प्रत्येक वाळवणीला फिका. पोरांना हा खेळ दाखवायला हळद जरूर वापरा, लिंबू आणि साबण घेऊन बसा, तासभर जातो. जन्मभर टिकणारा शर्ट म्हणून नको.

होळीच्या उरलेल्या रंगाचा सल्ला तर सरळ वाईट आहे. त्यात मॅलाकाइट ग्रीन, रोडामाइन असले अंगाला घातक रंग निघाल्याचं पुष्कळदा आढळलंय. वर्षातून एकदा अंगाला लागणं वेगळं, आणि घामेजल्या अंगावर दिवसभर वागवायचा शर्ट त्याने रंगवणं वेगळं.

कडक उन्हाचा मुद्दा ऐकायला पटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, गच्चीवर पापड तळल्याशिवाय कुरकुरीत होतात, मग रंग का नाही पक्का व्हायचा? गरमी मदत करते हे खरंच आहे. रिॲक्टिव्ह रंगाची क्रिया ऊब मिळाली की झपाट्याने होते. थंडीत जिथे अख्खा दिवस लागतो तिथे नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रभर पुष्कळ होतं. पण ही क्रिया फक्त ओल्या कापडात चालते. कापड वाळलं की ती थांबते, मग वर सूर्य कितीही आग ओको. आणि इथल्या कोरड्या हवेत, लू वाहत असताना, ओला शर्ट गच्चीवर किती वेळ ओला राहतो हे धुणं घालणाऱ्या कोणालाही विचारा. बांधलेला शर्ट उन्हात टाकला की वरच्या घड्या आधी सुकतात. तिथला रंग अर्धवट राहून धुण्यात निघून जातो, आणि डिझाइन बाहेरून पुसट, आतून गडद असं चमत्कारिक दिसतं.

म्हणून रंगवून झालं की शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि घरातच सावलीत ठेवून द्यायचं, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पोरांचा धीर सुटतो, ‘उघडू का, उघडू का’ सुरू होतं, ते चालायचंच. ओल टिकावी म्हणून रंगात थोडा युरिया घालतात हेही बरोबर. फक्त शेतावरून पोत्यातला युरिया आणू नका. 2015 पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेला येतो, शिवाय तो शेतीसाठीच अनुदानावर मिळतो.

‘कोणताही पांढरा टी-शर्ट’ हेही खोटं. 1877 मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी ज्या शहरात सुरू झाली, केंद्रीय कापूस संशोधन संस्था जिथे आहे, त्या नागपुरातही इतवारी बाजारात स्वस्तात घेतलेला पांढरा टी-शर्ट अर्धा पॉलिएस्टर निघू शकतो. पॉलिएस्टरला हा रंग धरतच नाही. त्याला वेगळे रंग आणि 130 अंशांची उष्णता लागते, ते घरचं काम नव्हे. ओळखायचं कसं? शिवणीच्या आतून कापडाचा एक धागा ओढा आणि मोठ्या माणसाने चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास, मागे मऊ राख. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मिश्रणात दोन्ही थोडं थोडं दिसतं. शुद्ध सुती शर्टाचीसुद्धा शिलाई बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे रंगलेल्या शर्टावर गळ्याभोवती आणि बाह्यांना पांढरे टाके तसेच राहतात. तो रंगाचा दोष नाही. नव्या शर्टाची खळ मात्र आधी गरम पाण्यात धुऊन काढा.

केमिकल रंग विषारी, या दाव्यात तथ्याचा एक कण आहे. अझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी काही मोडून त्यातून अमाइन नावाची कर्करोगकारक रसायनं तयार होऊ शकतात; जर्मनीने 1994 मध्ये अशा रंगांवर बंदी घातली, आपल्याकडेही त्याच दशकात बंदी आली. पण त्यावरून बाजारातला प्रत्येक रंग विष ठरवून होळीचा रंग सुरक्षित मानायचा, हे कुठलं तर्कशास्त्र? रिॲक्टिव्ह रंगात जपायचं ते कोरड्या भुकटीला. ती नाकातून आत गेली तर काहींना श्वासाची ॲलर्जी जडू शकते, दमा असणाऱ्याने तर दूरच बसावं. भुकटी मोठ्यांनी कालवायची, मास्क आणि हातमोजे घालून. पोरांच्या हाती बाटल्याच द्यायच्या. सोडा डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. स्वयंपाकाचं पातेलं, चमचा या कामाला घ्यायचा नाही. आणि नागपूरकरांसाठी खास: पुडी उघडण्याआधी कूलर बंद करा. कूलरच्या झोतात चिमूटभर भुकटी खोलीभर होते आणि संध्याकाळी पुसायला घेतलेल्या ओल्या फडक्यावर लाल-निळे ठिपके उमटायला लागतात.

रिॲक्टिव्ह रंगाची पुडी घेताना एम ब्रँड की एच ब्रँड ते विचारा. एम थंड पाण्यातला, म्हणजे लाल एम-5बीसारखा. एचला गरम पाणी लागतं. तो घरी नेलात तर सगळं नीट करूनही रंग फिका येतो.

हिप्पींची कला म्हणाल, तर 1960 च्या दशकात अमेरिकेत ती लोकप्रिय झाली एवढंच खरं. कच्छ-जामनगरची बांधणी, राजस्थानची लहरिया, जपानची शिबोरी या सगळ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. बांधणीत नखाने उचलून दोऱ्याने बांधलेली एकेक गाठ ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला रबरबँडची चक्री पोरखेळच वाटेल. तो आहेही, आणि पोरांसोबत तोच करायचा आहे.

राहिला शेवटचा दावा: पहिल्या धुण्यात रंग गेला म्हणजे भेसळ. रंग जाणारच. सोड्याने भिजलेल्या कापडावर रंग ओतला की काही कण धाग्याशी जोडले जातात, बाकीचे पाण्याशीच जोडले जाऊन निकामी होतात. ते कापडात नुसते अडकलेले असतात आणि धुऊनच काढावे लागतात. पिशवीतून काढलेला शर्ट रबरबँडसकट थंड पाण्याखाली धरा, सोडा आणि सुटा रंग जाऊ द्या. मग रबरबँड कापा आणि पाणी फिकं होईपर्यंत धुवा. त्यानंतर चांगल्या गरम पाण्यात साबण घालून, भरपूर पाण्यात सुटा शर्ट हलवत राहा. घडी करून ठेवला तर सुटलेला रंग पांढऱ्या जागेवर बसतो. यात बादल्यांवर बादल्या जातात, म्हणून नळाला पाणी नाही त्या दिवशी हा घाट घालू नका. सोड्याचं पाणी तुळशीतही ओतू नका. आणि पुढची दोन-तीन धुणी तरी बाबांचे बनियन वेगळे ठेवा.